मले कावून नाही सांगतलं

नाही, पाणी नको. चहा तर बिल्कुल नको — चहा पाजून माणसाले कसं नरम करतात ते मले माहीत आहे, मी युनियनमधे होतो. अन् त्या गादीच्या खुर्चीवर बी नाही बसत, त्यात एकदा बुडालो की उठवाले माणसं बोलवा लागतीन. ही प्लास्टिकची बरी. हं. तर तुमी म्हणून राहिल्या होत्या, की कोण इथं येते, कोण नाही येत, काय बोलते, ते बाहेर सांगता येत नाही. नका सांगू. मी कुठं विचारून राहिलो? माही नात आम्रपाली तुमच्यापाशी येते हे तुमी सांगाची गरजच नाही, तिनंच सांगतलं मले फोनवर — "आजोबा, आमच्या इन्स्टिट्यूटमधे एक साधना मॅम आहेत, मी त्यांच्याशी बोलते, बोललं की हलकं वाटतं." हलकं वाटतं म्हणे. मी म्हटलं, बरं आहे. फोन ठेवला. आमची बुढी, पंचफुला, विचारते काय झालं, तोंड कावून असं केलं — मी म्हटलं काही नाही, भाजीत मीठ कमी आहे. भाजी अजून गॅसवर चढली बी नव्हती.

मी टिकाराम बनसोड. भिलाई-तीनले घर आहे, स्टील प्लांटमधे होतो, ब्लास्ट फर्नेसवर, लोखंडाच्या भट्टीवर, आता रिटायर. शिकलो म्हणाल तर सही करता येते अन् पेपरातल्या मोठ्या अक्षरातलं वाचता येते, बस. पावर हाउस टेशनपाशी उतरून दुसरी ऑटो केली, तो तिकडच्या चौकात सोडून गेला, तिथून पायी आलो. तुमचा गेटवरचा चौकीदार म्हणते, "बाबा, दवाखाना उधर है." मी म्हटलं मी बिमार दिसून राहिलो का तुले? मले साधना मॅडम पाह्यजे, पोट्ट्यायले बोलवून बोलवून ऐकणाऱ्या. तवा त्यानं रस्ता दाखवला, अन् हे बी सांगतलं की तुमी नागपूरकडच्या आहा, मराठी समजता. ते एक बरं झालं. हिंदीत मले भांडता येते फक्त, बाकीच्या गोष्टी नाही येत. म्हणजे भांडाले नाही आलो असं नाही. भांडाले बी आलो.

तुमी पाहून राहिल्या नुसत्या. हेच शिकवतात का तुमाले — चूप बसायचं, मान अशी तिरपी करायची, समोरचा आपोआप बोलते? एवढ्यासाठी तुमाले खोली देल्ली, एसी देला, भिंतीवर झाडाचा फोटो देला. मी हेच काम आमच्या ओसरीत केलं, मॅडम, पाय बकेटीत टाकून. हसू नका. आम्रपालीचे माय-बाप बिलासपूरले, राजदीप माहा पोरगा, रेल्वेत आहे, आज इकडे उद्या तिकडे, पोरीची शाळा मोडू नये म्हणून ती लहानपणापासून आमच्यापाशी. मी पहिल्या पाळीवरून येवो, बूट काढो अन् पाय थंड्या पाण्याच्या बकेटीत टाकून बसो — भट्टीसमोर दिवसभर उभं राहिलं की तळव्याले आग लागल्यावाणी होते. ती दुसरी बकेट पालथी करून समोर बसे. अन् चालू. कोणत्या पोरीनं हिचा डबा खाल्ला, कोणत्या मास्तरनं हिले वर्गात काय म्हटलं, आडनाव कोणी विचारलं अन् मग डब्याले हात नाही लावला — सगळं. मी काही बोलत नव्हतो. बोलाची ताकदच नसे. अर्धं तर मले ऐकू बी येत नसे, कानात भट्टी वाजत राहे. पण होतो ना तिथं. तिले उठून जा कधी म्हटलं नाही. पाणी गरम होऊन जाये तवापर्यंत बसो आमी दोघं. तर आता मले सांगा, तुमी असं काय वेगळं करता? तुमच्यापाशी बकेट बी नाही.

अन् वरतून ते तुमचे कार्यक्रम. सांगते ना ती, सांगत होती, पहिल्या सालात सगळं सांगे — आज तुमी श्वास शिकवला, डोळे मिटा, नाकानं आत घ्या, थांबा, सोडा. आज तुमी मातीचे गोळे देले, काही बी बनवा. पीएचडी करणाऱ्या पोट्ट्यायले माती देता तुमी, मॅडम, आमच्या वस्तीतले लेकरं फुकटात खेळतात. मग ते दुसरं — मोठ्या साहेबासमोर कसं बसायचं, आपलं काम थोडक्यात कसं सांगायचं, कंपनीवाल्यानं उलटा प्रश्न विचारला तर घाबराचं कसं नाही, गाइडले नाही कसं म्हणायचं. गाइडले नाही म्हणायचं शिकवता, आमच्या टायमाले फोरमनले नाही म्हटलं की तो सरळ कोक ओव्हनच्या धुरात पाठवे. मी हे सगळं ऐकून हसत होतो फोनवर. ती बी हसे. मग तो श्वास मी करून पाहला. छतावर जाऊन. नाकानं आत, थांबा, सोडा — आता तुमाले सांगून राहिलो, बाहेर सांगता येत नाही ना तुमाले? — मले काही हलकं नाही वाटलं. चक्कर आली. बुढी वरती कपडे वाळवाले आली अन् म्हणते, काय करून राहिले, जीव देऊन राहिले का? पण मले पाहाचं होतं, का असं काय आहे तुमच्यापाशी, जे माह्यापाशी नाही.

तिचा विषय माहीत आहे तुमाले? स्लॅग. लोखंड वितळलं का वरती जे तरंगते, मळ म्हणा. माह्या आयुष्यात मी तेच पाहलं. ती त्याच्यावर कम्प्युटरमधे काहीतरी बसवते. मले वाटलं, चला, आता तर पोरीले माही गरज पडन. एका रविवारी मी तिले सांगाले बसलो, स्लॅग पातळ आहे का जाड आहे हे आमी सळाख बुडवून कसं ओळखत होतो. तिनं ऐकलं. पुरं ऐकलं, मधात फोन बी नाही पाहला. मग म्हणते, "आजोबा, मस्त आहे, पर ये मॉडेल में नहीं बैठता." मी म्हटलं नसन बसत. उठून गेलो. पण तुमचं सगळं बसते, नाही का? साधना मॅम असं म्हणाल्या, साधना मॅम तसं म्हणाल्या. मधे तर जेवता जेवता बुढीले म्हणते, आजी, साधना मॅम म्हणतात झोप झाली पाह्यजे. मी तिच्या जन्मापासून म्हणून राहिलो झोप, मोबाइल ठेव. माहं म्हणणं ते बडबड, अन् तुमचं म्हणणं ते इलाज.

आमच्या भट्टीवर एक कायदा होता, मॅडम. माह्या जागेवर दुसरा माणूस आल्याशिवाय मी हलू शकत नव्हतो. घरी कोणी मरो का लगन असो. अन् तो आला, का त्याले तोंडानं सांगायचं, समोर उभं राहून — रजिस्टर साहेबलोक पाहतात, ते वेगळं — हे पाहाय भाऊ, या बाजूचं पाणी कमी वाहून राहिलं, लोखंड निघते त्या होलची माती अजून कच्ची आहे, अन् अमक्याच्या घरी तंटा आहे, त्याचं ध्यान नाही, त्याले आज समोर नको उभं करू. याले चार्ज देणं म्हणतात. मी मेट होतो, म्हणजे मुकादम, माह्या टोळीचा, मले माणसाच्या चालीवरून समजे का आज याचं डोकं ठिकाणावर नाही. अन् चार्ज दिल्याशिवाय कोणी गेटबाहेर गेला तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासंग कोणी डबा खात नव्हतं. तर माहं भांडण एवढंच आहे. माह्या जागेवर तुमी येऊन बसल्या. बसा. पण मले कोणी सांगतलंच नाही. मी तिथंच उभा आहो, रविवारी फोन हातात घेऊन उभा आहो, अन् फोनवर काय — "सब ठीक है आजोबा, टेन्शन मत लो, आजी को दो." ड्यूटी दुसऱ्यानं घेतली अन् मले पत्ता नाही.

आता आलोच आहो तर चार्ज घेऊन घ्या. ती "सब ठीक है" म्हणते तवा काहीच ठीक नसते. रागात असली की कपडे धुते, धुतलेले बी धुते. परीक्षा असली का तिले कांद्याचे भजे लागतात, सकाळी सकाळी. शाबास म्हणू नका, रडते. अन् तिच्या समोर दुसऱ्या कोणाची तारीफ — तुमी काही नाही बोलल्या. मान बी नाही हलवली. पण माणूस नवीन गोष्ट ऐकते तवा त्याचं तोंड वेगळं असते, अन् माहीत असलेली ऐकते तवा वेगळं. तुमाले माहीत आहे हे. भज्याचं बी? ... भज्याचं बी सांगतलं तिनं. ठीक आहे. मग मी काय चार्ज देऊ? जुन्या भट्टीचा? बंद झालेल्या?

नाही, उठत नाही मी. मेन गोष्ट तर राहिलीच. मागच्या रविवारी आली होती ती. लय दिवसानं. आली अन् सरळ सैपाकघरात, आजीपाशी. मी समोरच्या खोलीत, टीव्ही पाहत — म्हणजे टीव्ही बंद केला मी, आवाज येत नव्हता त्यायचा. भिंतीले कान नाही लावला, एवढं समजू नका, पण भिंत पतली आहे. ती म्हणते, आजी, मी एक सेमिस्टर थांबते. जमशेदपूरले एक ट्रेनिंग आहे, कंपनीत, इंटरव्ह्यू झाला, घेतलं त्यांनी. ते करते अन् मग पाहते, पीएचडी पुरी करायची का नाही. जमन का नाही समजत नाही. बुढी म्हणते, सांगतलं का कोणाले? तर म्हणते, साधना मॅमशी बोलली, त्या म्हणाल्या निर्णय तुझा आहे, घाई करू नको. — पहिल्या तुमी. दुसरी बुढी. अन् मी भिंतीच्या इकडच्या बाजूले. बाहेर आली, माह्याजवळ बसली, म्हणते आजोबा गुडघा कसा आहे. मी म्हटलं बरा आहे. तुहं कसं चालू आहे? म्हणते, ठीक है सब. अन् मी, मॅडम, माणसाची चाल पाहून ओळखणारा मी, त्या भिंतीतून ऐकलं नसतं तर मले काही म्हणजे काही समजलं नसतं. हसून बोलत होती. जेवली. माह्या ताटात पापड वाढला. गेली.

तवापासून माह्या डोक्यात एकच. मले कावून नाही सांगतलं? बुढीले विचारता येत नाही, विचारलं तर तिले समजन मी ऐकलं. पोरीले विचारता येत नाही. म्हणून तुमाले विचाराले आलो. आता म्हणा नाही सांगता येत. मीच सांगतो — तुमी सांगतलं असन तिले, घरच्यायले आधी नको बोलू, दबाव टाकतात. नाही? असं नाही म्हणत तुमी? मग बुढीनं म्हटलं असन, त्यायले नको सांगू, बीपी वाढन. नाही, ते बी नाही, बुढीनं तर म्हटलं सांगतलं का कोणाले. मग कावून? मी काय मारतो का? मी तिले कधी आवाज चढवून बोललो नाही, राजदीपले विचारा, त्याले मारलं मी, पण तिले नाही. ... काय? सैपाकघरात कशी गेली, कोणत्या दरवाजानं, म्हणजे? पायानं गेली. मागून आली ना ती. मागच्या आंगणातून, संडासाच्या बाजूनं, कचऱ्याची गाडी येते त्या गल्लीतून. आता नेहमीच तिकडून येते, ऑटो तिकडे कोपऱ्यावर सोडते. मले वाटलं आजीले आधी भेटाले — तेच तर मले लागलं, का आजीले आधी कावून. समोरून का नाही येत? समोर गेट आहे आमचं, चांगलं मोठं गेट आहे.

तुमी पाहाले पाह्यजे ते गेट. अन् त्याच्यावरची प्लेट. दुकानातली पितळेची नाही, पोचट — जाड लोखंडाची, आपल्या प्लांटच्या लोखंडाची. पावर हाउसले सुमेध आहे, गेट-ग्रिलचं काम करते, आमच्या विहारातलाच पोरगा, त्याच्याकडून गॅसनं अक्षरं कापून घेतले, मी बाजूले उभा राहून. घासले, रेड ऑक्साइड मारला, वरतून निळा. "डॉ. आम्रपाली राजदीप बनसोड." सुमेध म्हणे काका, स्क्रूनं लावतो. मी म्हटलं स्क्रू काढता येतात, वेल्ड मार. झाली वेल्ड. आता तो गेट मोडन पण प्लेट नाही निघत. झालं असन साल-दीड साल. नाही, अजून झाली नाही ती डॉक्टर, ते मले बी माहीत आहे, पण होईन ना. वाट किती पाहू मी? माहं वय काय वाट पाहाचं आहे? तुमी नागपूरच्या, तुमाले सांगा नाही लागत, आमच्या लोकायले त्या एका अक्षराचं वजन काय आहे. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबायचा फोटो आहे, त्याच्या खाली लिहिलं आहे तेच अक्षर. माहा बाप त्या अक्षराले हात लावून कामावर जाये, वाचता येत नव्हतं त्याले. अन् आता ते माह्या गेटावर. मी तर चौदा एप्रिलले विहारात माईक घेतला अन् सांगून टाकलं, आमच्या घरची पोरगी डॉक्टर होऊन राहिली. टाळ्या वाजवल्या लोकायनं. तवापासून वस्तीत तिले नावानं कोणी बोलवत नाही, डॉक्टरीणबाई म्हणतात. शेजारची सत्यशीला तर गुडघ्याचा एक्सरे घेऊन आली होती तिले दाखवाले, मी सांगतलं अवं, ते डॉक्टर नाही, हे त्याहून मोठं. पोरगी तिथंच उभी होती. मान खाली घालून. मले वाटलं लाजली.

पोरीनं प्लेट पहिल्यांदा पाहली तवा? पाहली ना. बॅग खांद्यावर, गेटासमोर उभी राहिली. म्हणते, "आजोबा, अभी तो हुआ नहीं है." मी म्हटलं होईन. हसली. हसली म्हणजे — तोंड उघडलं तिनं. मग आत गेली अन् मोरीत जाऊन कपडे धुवाले बसली. आल्या आल्या. मी म्हटलं पोरगी किती कामाची आहे. ... अन् बुढीचं तर काय सांगू, ती पोरगी येणार म्हटलं की त्याच दिवशी गेटावर चादर वाळू टाकते. मागं दोरी आहे, छत आहे, नाही, गेटावरच पाह्यजे. सांगून सांगून थकलो, अवं पेंट खराब होते ओल्या चादरीनं, प्लेट झाकून जाते पुरी, येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसत —

थांबा.

ती चादर ओली नव्हती. मी एकदा ओढून काढाले गेलो होतो, हात लावला, कडक सुकलेली होती. मले वाटलं ऊन आहे, वाळली असन.

तुमी असं पाहू नका माह्याकडे. काहीच नका म्हणू. तुमी दरवाजाचं विचारलं तवाच तुमाले माहीत होतं. नाही सांगता येत, नाही सांगता येत — अन् एका प्रश्नात — जाऊ द्या. फोन लावतो मी. बसा तुमी, तुमच्यासमोरच लावतो.

हां, हॅलो. मी बोलतो. अवं कुठं म्हणजे काय — पावर हाउसले. बरं, पावर हाउसले नाही, तिच्या इन्स्टिट्यूटमधे आहो. ओरडू नको, इथं मॅडम बसल्या आहेत. त्याच. नाही भांडलो. थोडासा. ऐक, एक गोष्ट सांग. ती चादर तू गेटावर कावून टाकते? कोणती म्हणजे, एकच तर आहे, फुलाची. ... हं. ... हं. ... कधीपासून? ... पहिल्याच दिवसापासून. तिनं सांगतलं होतं तुले? ... तिनं नाही, तूच. अन् मग मले कावून नाही सांगतलं? ... — म्हणते, सांगतलं असतं तर उतरवली असती का तुमी. नाही, मॅडम, हे मी तुमाले सांगून राहिलो, ती तिकडे बोलून राहिली — नसती उतरवली, ते तर आहेच. हां, हां, ऐकून राहिलो. सुमेधले बोलाव. आत्ता बोलाव, म्हणा ग्राइंडर घेऊन ये. प्लेट कापाची आहे. ... नुसतं "डॉ." कापून कसं चालन, तिथं रिकामी जागा दिसन ना, वस्ती त्या जागेकडेच पाहात राहीन. पुरी काढ. ... लोकायले काय सांगायचं ते मी सांगन, माईक मी घेतला होता, तू नव्हता घेतला. ... हो, समजलं. ... हो, समजलं म्हटलं ना. ठेव आता, अन् तिले काही सांगू नको, मी — ठेवला. तिनं ठेवला.

तुमी खुश झाल्या असान. झाल्या नाही? मग तोंड असं कावून ठेवलं? हे पाहा, तुमच्यासाठी नाही काढून राहिलो मी ती प्लेट. तुमचा काही संबंध नाही. तुमी नसत्या तरी मले समजलं असतं — उशिरा समजलं असतं. अन् सोडन का ती पीएचडी? नका सांगू. तुमाले बी माहीत नसन. मी आता असं म्हणाले पाह्यजे ना, का सोडली तर सोडली, पोरगी खुश राहिली म्हणजे झालं. तुमाले तेच ऐकाचं आहे. नाही म्हणत. मले पाह्यजे ती पीएचडी, खोटं कावून बोलू. माह्या बापाले बी पाह्यजे होती. पण ती जमशेदपूरले जाईन तर जाईन, थांबन तर थांबन, तिनं समोरच्या दरवाजानं येऊन माह्याजवळ बसून म्हणावं, आजोबा, असं असं आहे. एवढं. मग मी आवाज चढवन, नाही चढवन, ते आमचं आमी पाहू. तुमाले तिनं ते सांगतलं, फुकटात, तुमी कोण तिच्या — अन् मी भिंतीले —

हा माहाच वाजून राहिला. थांबा, चष्मा... आम्रपाली. बुढीनं लावला असन, तिच्या पोटात गोष्ट राहते का. आज रविवार नाही. रविवारशिवाय ती मले फोन करत नाही, आजकाल. रागात असन का? प्लेट काढाची म्हटलं म्हणून रागात कावून राहीन. सुरुवातीले काय म्हणता तुमी लोक? नाही, नका सांगू. मले तुमचं नको. उचलतो, उचलतो, तिकडून ती कापत नाही लवकर.

तुमी उठा, मॅडम. हो, तुमीच. खोली तुमची आहे, ठीक आहे, कोण नाही म्हणते. पण ती माह्याशी बोलाले फोन करून राहिली, तुमच्याशी नाही, अन् दोघायच्या मधातलं तिसऱ्यानं ऐकायचं नसते, हे तुमीच सांगतलं मले आल्या आल्या. जा, तिकडे व्हरांड्यात उभ्या राहा थोड्या वेळ. अन् दरवाजा लावून घेजा.